फोन दर्यावर गेला

३ मार्च, सोमवार

ही डायरी प्रदीपनं आणली. त्याच्या कारखान्याला पंप पुरवणाऱ्यांनी जानेवारीत वाटलेली, मार्चमध्ये माझ्या वाट्याला आली. सेफ्टी ट्रेनिंगला आलेल्या कुणा बाईंनी त्यांना सांगितलं म्हणे, की रोज एका तरी गोष्टीचे आभार लिहून ठेवावेत, डोकं थंड राहतं. "तुला उपयोग होईल," असं म्हणून तो पहिल्या पाळीला निघून गेला. म्हणजे माझं डोकं थंड नसतं, हे नवऱ्यानं बोईसरच्या बसमध्ये चढता चढता मला कळवलं.

असो. लिहायला कारण आहे. सातपाटीचं काम मला मिळालं!

मंगलाताईंचा चौदा बायकांचा गट आहे. बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या सुकवतात आणि दर वर्षी ठोक व्यापारी येऊन उचलतो, त्याला देऊन मोकळ्या होतात. यंदा त्यांना स्वतःची वेबसाइट हवी आहे. पावसाळ्याच्या बेगमीसाठी पुण्या-नाशिकची माणसं मे महिन्यात सुकी मासळी भरून ठेवतात, ती थेट यांच्याकडून घेतील. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तीस एप्रिलला, साइट उघडली पाहिजे. नाही उघडली तर व्यापाऱ्याला होकार जाणार, आणि मग या गटात वेबसाइटचं नाव पुन्हा कुणी काढणार नाही.

माझंही तसंच आहे. जानेवारीत आमच्या कंपनीनं आपलं बस्तान गुजरातला हलवलं आणि आम्हा अकरा जणांना हलवलं नाही. आठ वर्षं काढली तिथे. त्यानंतर मिळालेलं हे माझं पहिलं स्वतःचं काम. हे फसलं तर अंधेरीच्या त्या कॉल सेंटरला मुकाट्यानं हो म्हणायचं, असं मी स्वतःला बजावलं आहे.

कालच्या माझ्या सादरीकरणानं बाजी मारली यात शंका नाही. अठ्ठावीस स्लाइड्स केल्या होत्या. सहावीला वीज गेली हे खरं, पण तोवर छाप पडली असावी. माझ्याआधी बोईसरचा एक जण येऊन गेला होता, त्याच्याकडे म्हणे व्हिडिओसुद्धा होता. मंगलाताईंनी मला दोनच प्रश्न विचारले. "तुमी वाडीवाल्या ताईंची सून ना?" आणि "चाय घेणार?" दोन्हींना हो म्हटलं. कोपऱ्यातली एक बाई सारखी माझ्याकडे बघून हसत होती. स्वाती नाव तिचं. निघताना म्हणाली, "मॅडम, मला वळखलं नाय? मी तुमच्या कंपनीत होते पॅकिंगला." मी कसंनुसं हसले. पॅकिंगला दीडशे बायका होत्या, कोण कोण लक्षात ठेवणार?

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. फेब्रुवारीत एकदा एकट्याच एस.टी.नं कुठेतरी जाऊन आल्या, तेव्हापासून गुडघा सुजलाय. कुठे गेल्या होत्या ते सांगत नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. मंगली चहात अजून तेवढीच साखर घालते का गं?" मी हो म्हणून आत आले.

आभार: मंगलाताईंचे. आणि पहिल्या सहा स्लाइड्सचे.

६ मार्च, गुरुवार

दाराचा प्रश्न.

साइटवर चौदा जणींची चौदा दुकानं असणार. जिनं तिनं आपलं उघडायचं, माल मांडायचा, आलेली मागणी बघायची. म्हणजे दारात कुणीतरी विचारायला हवं, बाई तू कोण? त्यासाठी पासवर्ड ठेवायचे तर ते मला सांभाळावे लागणार. चौदा घरांच्या किल्ल्या मी माझ्या फडताळात का ठेवू? चोरीला गेल्या तर कुणाच्या दारात जाऊन तोंड दाखवू?

मिथुनला फोन केला. कंपनीत आमची टेबलं शेजारी होती, आता तो पुण्याला आहे. म्हणाला, "पासवर्ड ठेवूच नकोस ना. प्रत्येकीच्या फोनमध्ये ईमेलचं खातं असतंच. त्या ईमेलवाल्या कंपनीलाच विचार, ही तीच आहे का. ती हो म्हणाली की घे आत."

म्हणजे बाई आमच्या दारात आली की आम्ही तिला आधी त्या मोठ्या कंपनीच्या दारात पाठवायचं. कंपनी तिची खात्री करून चिठ्ठी देणार, ती चिठ्ठी बघून आम्ही दार उघडणार. पासवर्ड आमच्यापर्यंत येतच नाही. किल्ल्या नकोत, जोखीम नको. मला इतका आनंद झाला की मी मिथुनला चक्क धन्यवाद म्हटलं. तो घाबरला.

मी स्वतः प्रशासक म्हणून तसंच आत जाते. लॅपटॉपवर कंपनीचा माझा जुना ईमेल उघडाच होता, तोच जोडला. ज्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे, तिथेही तोच. ते खातं बंद करायला कंपनीवाले विसरलेत. माझं आता तिथे काही नाही, ते बदलायला हवं, हे कळतं मला. पण आठ वर्षं त्या नावानं लोक मला ओळखत होते, आणि अजून रोज सकाळी ते उघडतं याचं, खरं सांगायचं तर, बरं वाटतं.

उद्या बदलते.

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी. सातपाटीच्या सगळ्या बोटी घरी आल्यात. पताका काय, रंग काय, खाडीत उभं राहायला जागा नाही. म्हटलं, याच गर्दीत चाचणी उरकून घेऊ.

निघताना सासूबाईंनी पिशवीत दोन नारळ टाकले. "तिकडे रिकाम्या हातानं जायचं नाही." लॅपटॉप, चार्जर आणि दोन नारळ. संगणक अभियंता म्हणून आपण कुठे पोचलो हे बघून घेतलं आणि एस.टी.त बसले. मंगलाताईंनी मात्र नारळ बघून लॅपटॉपपेक्षा जास्त आनंद दाखवला. "ताईंच्या वाडीतले ना?" म्हणाल्या आणि आत नेऊन देवापुढे ठेवले.

चाचणी एका फटक्यात पास! तीन घरांतल्या तीन बायका घेतल्या. तिघींनी बटण दाबलं आणि तिघीही आत. बाप्ये मंडळी घरीच असल्यामुळे भोवती उभी होती, तीही कौतुकानं आपापल्या फोनवर काहीबाही दाबत होती. मंगलाताई आत गेल्या तेव्हा पडद्यावर आलं, 'नमस्कार, भगवंत', आणि शेजारी बोटीचा फोटो. भगवंत म्हणजे मंगलाताईंचे यजमान, बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. सगळी ओसरी हसली. ते म्हणाले, "फोन माझा, हो म्हणायचं मीच, आनि दुकान हिचं! बरा हाय धंदा." नाव काय, नंतर बदलता येईल. किरकोळ गोष्ट आहे.

स्वातीनं विचारलं, "मॅडम, ही मंडळी दर्यावर गेली मंग?"

मी म्हटलं, "मग काय, तुम्ही निवांत दुकान चालवा." पुन्हा सगळ्या हसल्या. ती तेवढी हसली नाही.

आभार: होळीचे. सगळे एका जागी सापडले.

३० मार्च, रविवार

पाडवा. श्रीखंड घरचं. साइटचं पहिलं पान तयार झालं. बोंबलांचा फोटो इतका देखणा आलाय की प्रदीप म्हणाला, शाकाहारी माणूससुद्धा मागवेल. सासूबाईंनी चष्मा लावून सगळी चौदा नावं वाचली आणि एका नावापाशी बोट ठेवून म्हणाल्या, "हिच्या आईच्या टोपलीतला जवळा सर्वांत चांगला असायचा." मला कामाचं बोलायचं होतं, त्यामुळे हे राहून गेलं.

ईमेल बदलायचा आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

तोंडावर पडले.

आज गटाच्या शेडमध्ये सगळ्यांचं प्रशिक्षण होतं. चौदा बायका, चौदा फोन, वर पंखा, खाली सुकटीच्या गोण्या. मी ऐटीत म्हटलं, हं, दाबा. मंगलाताईंनी पहिलं दाबलं. दार उघडलं नाही. पडद्यावर आलं: 'तुमच्या दुसऱ्या फोनवर होय दाबा.'

"दुसरा फोन कुठाय?" मी विचारलं.

मंगलाताईंनी खिडकीबाहेर हात केला. खिडकीत समुद्र होता.

"कधी येईल?"

"सोमवारी गेलेत. आठ-धा दिवस धरा. मासळी भेटली का येतील."

"फोन लावून बघूया का, एक होय दाबायला?"

"दर्यावर कसली रेंज, मॅडम?"

मग एकेक उलगडत गेलं. ईमेलची खाती पाच-सात वर्षांपूर्वी बंदराजवळच्या मोबाइलच्या दुकानात उघडलेली. घरात तेव्हा एकच चांगला फोन, तो तांडेलाचा, म्हणून नंबरही त्याचाच. पुढे बायकांना साधे फोन आले, त्यात दुकानदारानं तेच खातं घालून दिलं. एरवी कुणाचं अडलं नाही. पण दुकानात शिरायचं म्हटलं की ती मोठी कंपनी मूळ फोनला विचारते, आणि मूळ फोन बोटीवर. होळीत सगळं चाललं, कारण होळीत फोन घरी होते. ते बाप्ये कौतुकानं काहीबाही दाबत नव्हते, ते होय दाबत होते! मी बघत होते आणि मला दिसलं नाही.

याहून पुढचं ऐक. (कुणाला सांगतेय मी, डायरीला?) स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या नंबरचं खातं तिघींचंच. उरलेल्या अकरा जणींत मिळून पाच खाती. मंगलाताई, त्यांची जाऊ आणि चुलतजाऊ, तिघीही भगवंत. माझ्या साइटच्या मते सातपाटीत सुकी मासळी तीन बायका आणि पाच बाप्ये विकतात. उद्या एकीला आलेली मागणी दुसरी उघडून बसेल, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका चुलीवर न भांडलेल्या जावा माझ्या कृपेनं भांडतील.

कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, हे जास्त लागलं. स्वाती गोण्या सरकवता सरकवता म्हणाली, "होतं असं, मॅडम. यंत्राला मानूस कळत नाय." तिनं माझी समजूत काढली. काढायची कुणी कुणाची!

तेरा दिवस राहिले. आभार नाहीत आज.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळपासून हट्टानं नवी खाती उघडायला बसले. एकेकीला फोन करून नंबर, जन्मतारीख. घरात नंबरच दोन-दोन, त्यामुळे तोच तोच द्यावा लागला. चौथ्या खात्यानंतर मोठ्या कंपनीनं सांगितलं, हा नंबर पुरेसा वापरून झाला आहे. त्यांचंही बरोबर आहे. त्यांना काय माहीत एका उंबऱ्याआड किती दुकानं आहेत?

मग म्हटलं जाऊ दे, पासवर्डच ठेवू. सहा जणींना विचारलं, कुठला ठेवाल? सहाही जणींनी बोटीचं नाव सांगितलं. जे बोटीवर दोन फूट अक्षरात रंगवलेलं असतं.

दुपारी लॅपटॉपसमोर बसून रडले. लिहून टाकते, लाज कसली. आठ वर्षं मी दुसऱ्याच्या टेबलावर बसून काम केलं, तेव्हा चुकलं तर चूक कंपनीची व्हायची. आता चूक झाली की ती माझी होते, आणि ती मंगलाताईंच्या दारात जाऊन बसते.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "मंगलीशी जाऊन बोल. फोनशी काय बोलत बसतेस?" मला इतका राग आला! यांना यातलं काय कळतं? उत्तर न देता दार लावून घेतलं. नंतर ओट्यावर झाकलेला चहा सापडला. थंड झाला होता, तरी प्यायले.

१९ एप्रिल, शनिवार

आज माझं मलाच वाटलं की सातपाटीला जाऊन यावं. गेले.

शेडमध्ये वजन चाललं होतं. प्रत्येकीच्या गोण्या काट्यावर चढतात, वहीत नाव लागतं. मंगलाताईंच्या चुलतजाऊबाई दवाखान्यात गेल्या होत्या, त्यांच्या तीन गोण्या तशाच. दोघी जणी पुढे झाल्या, गोणीवर हात ठेवून म्हणाल्या, "हा तिचा." वहीत नाव लागलं. संपलं.

मी विचारलं, "एकीनं सांगितलं तर चालत नाही का?"

मंगलाताई म्हणाल्या, "नाय. एक बाई खोटं बोलंल. दोघींना मिळून खोटं बोलायचं म्हनजे आदी भांडन होईल, मंग आमाला कळंल."

मी तिथेच गोणीवर बसले.

इतके दिवस मी काय करत होते? माणूस कोण आहे हे ठरवायचं कामच मी त्या मोठ्या कंपनीला देऊन टाकलं होतं. तिचं काम दारावरचं. चिठ्ठी आणली, आत सोडलं. पण आतली वही आमची हवी, आणि वहीत नाव बाईचं हवं, ईमेलचं नव्हे. तिघी एकाच खात्यानं आल्या तर येऊ देत, ओटा एक आणि खोल्या तीन. खोलीला प्रत्येकीचा आपला चार आकडी अंक. आणि फोन दर्यावर असेल तेव्हा ज्यांचं दुकान उघडं आहे अशा दोघींनी आपल्या फोनवरून सांगायचं, ही तीच. दोघींनी सांगितलं की दार उघडेल.

मंगलाताईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तर आमी करतोच."

आभार: चुलतजाऊबाईंच्या दुखऱ्या दाढेचे. देव मला क्षमा करो.

२३ एप्रिल, बुधवार

चार दिवस मान मोडून काम. मिथुननं पुण्याहून तीनदा सगळं तपासलं, दोन भोकं काढली, पैशाचं नाव काढू दिलं नाही. दिवाळीत त्याला बोंबील पाठवीन म्हटलं तर म्हणाला, दिवाळीपर्यंत कशाला थांबतेस?

'ही तीच' म्हणताना नुसतं बटण नको, डोळे मिटून कुणीही दाबेल. म्हणून खाली एक चौकट ठेवली: 'तुम्ही हिला कशावरून ओळखता?' काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बोलूनही लिहिता येतं. चाचणीसाठी वहीत माझंही नाव घातलं आहे, पंधरावं. काम झालं की काढून टाकीन.

२५ एप्रिल, शुक्रवार

बोटी काल आल्या. आज घरोघर जाऊन पाचही खाती जोडली, चौदा खोल्या लावल्या, दीड दिवसाचं काम एका दिवसात झालं. भगवंतभाऊ होय दाबताना म्हणाले, "आता परत मला इचारायचं नाय ना?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं. तितं जाल्यात मासळी बघू का हिच्या दुकानात जातो कोन ते बघू!"

मंगलाताईंनी पडदा बघितला. 'नमस्कार, मंगला'. फोन पदराला पुसला आणि पुन्हा बघितला.

आभार: भगवंतभाऊंचे. अंगठ्यासकट.

२८ एप्रिल, सोमवार

बोटी पहाटे गेल्या, फोनही गेले. मुद्दाम आजच चाचणी घेतली. अकराच्या अकरा जणी दोघी-दोघींच्या शब्दावर आत आल्या! चौकटीत काय काय लिहिलंय, वाचून डोळ्यांत पाणी आलं हसून. 'माझ्याशी रोज भांडते ती हीच.' 'चालते तेवा बांगड्या वाजतात.' 'लग्नात मीच नेसवली होती.' अशी खात्री जगातली कुठली मोठी कंपनी देईल?

परवा सकाळी दहाला दार उघडायचं. पुणे, नाशिक, ठाणे, सगळीकडच्या ग्राहकांना निरोप गेलेत. प्रशासकाच्या पानावर एक हिरवं बटण आहे, ते मी दाबायचं की झालं.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

साडेनऊला शेडमध्ये पोचले. दाराला तोरण, काट्याला हळदकुंकू, चौदाजणी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून. पिशवीत दोन नारळ होतेच. पावणेदहाला लॅपटॉप उघडला. प्रशासक म्हणून आत जायला गेले आणि पडद्यावर आलं:

'हे खाते बंद करण्यात आले आहे.'

कंपनीला आज आठवण झाली. आर्थिक वर्ष संपून महिना झाला, कुणीतरी यादी साफ केली असणार. त्यांची काय चूक? खातं त्यांचं होतं. मी पंचावन्न दिवस उद्या उद्या करत होते. सर्व्हरची चावी त्याच खात्यात, साइटची त्याच खात्यात. हिरवं बटण आत आणि मी बाहेर. चौदा जणींना मी शहाणपण शिकवलं, की किल्ली एकाच फोनवर ठेवू नका, आणि माझी स्वतःची किल्ली मी परक्या खुंटीला टांगून ठेवली होती, का, तर सकाळी नाव बघून बरं वाटतं म्हणून.

पावणेदहाचे दहाला पाच कमी झाले. मंगलाताईंनी चेहऱ्यावरून ओळखलं. "काय झालं?"

सांगितलं. सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचंसुद्धा. तोवर मी त्यांना नोकरी सोडली असंच सांगत आले होते.

त्या हसायलाच लागल्या. "म्हनजे तुझापन फोन दर्यावर गेला!" पहिल्यांदाच मला तू म्हणाल्या. "मंग आमी हाव कशाला? तुझं नाव हाय ना वहीत?"

होतं. पंधरावं. चाचणीसाठी घातलेलं, प्रशासकाच्या हक्कासकट. माझ्या लक्षातच नव्हतं.

मी माझ्या फोनवरून दारात उभी राहिले आणि 'दोघींना विचारा' दाबलं. मंगलाताईंचा फोन वाजला, स्वातीचा वाजला. दोघी चौकटीत बोलत बसल्या, आणि मला पहिल्यांदा कळलं की दाराबाहेर उभं राहून कुणीतरी आपल्याबद्दल सांगण्याची वाट बघणं म्हणजे काय असतं. मंगलाताईंचं झालं. स्वातीचं संपेना. दहा वाजून गेले. मग तिचंही झालं.

दार उघडलं. हिरवं बटण दाबलं. दहा वाजून सहा मिनिटं. पहिली मागणी नाशिकहून, मंगलाताईंच्या जाऊबाईंच्या नावावर, दोन किलो बोंबील आणि एक किलो जवळा. शेडमध्ये जो आवाज झाला तो बंदरावर ऐकू गेला असेल. दुपारपर्यंत चौदाही दुकानांत मागणी होती. मंगलाताईंनी सगळ्यांसमोर व्यापाऱ्याला फोन लावला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "नाय, यंदा नाय."

गर्दी ओसरल्यावर मी वहीतली माझी नोंद उघडली. मंगलाताईंनी लिहिलं होतं:

'वाडीवाल्या ताईंची सून. आमची सासू आनि मी तीस वर्स त्यांच्या नारळाच्या वाडीवर मासळीची टोपली घेऊन जायचो. फेब्रुवारीत ताई पाय दुखत असून एस्टीने आल्या, बोलल्या सून हुशार हाय, घरात बसून झुरते, काम देऊन बघा. तापट हाय पन सरळ हाय.'

स्वातीनं:

'माझ्या हाताची बोटं मीठ आनि मासळीने झिजली. कंपनीत हजेरीचं मशीन बोट घेत नव्हतं, पंधरा दिवस गैरहजेरी लागली, काढणार होते. या मॅडम वरून खाली आल्या. सायबाला बोलल्या, ही रोज येते, ही तीच आहे, मी सांगते. मला कार्ड करून दिलं. म्हणून सांगते. ही तीच हाय.'

मला आठवलं. आठवलं म्हणजे, तो दिवस नाही आठवला, तिचा चेहरा नाही आठवला. एवढंच आठवलं की ते मशीन मीच बसवलं होतं, कुणीतरी तक्रार आणली होती, जेवायच्या सुट्टीत दहा मिनिटांत काम उरकलं होतं आणि डबा गार झाला म्हणून मी चिडले होते.

मी स्वातीजवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिचे हात हातात घेतले. बोटांची टोकं खरोखरच गुळगुळीत आहेत. "बाई गं, मी तुला ओळखलं नव्हतं," म्हटलं. ती म्हणाली, "मी वळखलं ना." आणि गटाच्या वहीत दोन मार्चच्या पानावर काय लिहिलंय तेही तिनंच दाखवलं: 'वेबसाइटचं काम दीपालीताईंना देणे. शब्द देणाऱ्या: मंगला, स्वाती.' स्लाइड्सचा उल्लेख कुठेही नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्याशी वाटाणे सोलत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही फेब्रुवारीत सातपाटीला गेला होता."

"साखर विचारायला गेले होते," म्हणाल्या.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस? तू म्हणाली असतीस, मला कुणाची ओळख नको, माझं मी बघते." वाटाण्यांकडेच बघत होत्या. "तुझं काम तुझंच आहे. मी फक्त दारापर्यंत सोडलं."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या गुडघ्याला तेल लावलं. त्या नको नको म्हणत राहिल्या, पाय मात्र मागे घेतला नाही.

डायरी मागे चाळून बघितली. पंपवाल्यांच्या या अख्ख्या डायरीत मी होळीचे आभार मानलेत, अंगठ्याचे मानलेत, कुणाच्या दाढेचेसुद्धा. सासूबाईंचे एकदाही नाहीत. स्वातीचेही नाहीत. आज मानते. दोघींचे, आणि मनापासून.

२ मे, शुक्रवार

स्वतःच्या नावाचा ईमेल काढला, साधासुधा. तो जोडला. दुसरी किल्ली म्हणून प्रदीपचा फोन जोडला, तो काही दर्यावर जात नाही. अंधेरीच्या कॉल सेंटरला नाही कळवलं.

संध्याकाळी मंगलाताईंना फोन केला, म्हटलं, काम झालं, आता वहीतलं माझं चाचणीचं नाव काढून टाकते.

"कशाला काढते?" त्या म्हणाल्या. "दर वर्सी कुनाचा ना कुनाचा फोन दर्यावर जाईल. सांगायला मानूस पायजे. राहू दे पंधरावी."

मी फोन ठेवला. 'काढून टाका'वर नेलेलं बोट मागे घेतलं, आणि पान बंद केलं.